चौतीस गुडघे

शिंदे की छावणीत, तापलेल्या पत्र्याखाली
नफीस उस्तादांनी माझ्या वॅगनआरचं हेड उतरवून
जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलं होतं.
"गॅस्केट उड गया, मॅडम. तेल में पानी जा रहा है."
बोटावर घेऊन दाखवलं.
करपलेल्या सायीचा रंग.

अकरा हजार नऊशे.
आकडा त्यांनी बिडीच्या बंडलावर लिहिला
आणि मी तो उभ्या उभ्या भागून टाकला:
एका घरी व्यायाम करवायला गेले की साडेतीनशे,
म्हणजे चौतीस गुडघे.
किंवा तीस गुडघे, चार खांदे.
किंवा मुरारच्या कर्नलसाहेबांची अख्खी कंबर,
एकटी, दसऱ्यापर्यंत.

चूक माझीच.
झाँसी रोडवर काटा तांबड्यात गेला तेव्हा
म्हटलं, एवढं थाटीपूरचं उरकू, मग बघू.
लोकांना मी रोज सांगते,
दुखलं की थांबा, ताणू नका.

रात्री डायरीचं मागचं पान.
सिलिंडर, वीज, इराच्या क्लासचा तिसरा हप्ता.
विम्याला महिनाभर सवलत असते, तिथे बाण काढला.
विश्राम म्हणाला, दूध अर्धा लिटर कमी करू.
मग दोघंही गप्प.
अर्ध्या लिटरचा हिशोब दोघांनाही येत होता.
सासूबाईंनी भिशीचं पाकीट पुढे सरकवलं,
अडीच हजार, चष्म्यासाठी ठेवलेले.
मी नको म्हटलं. मग घेतलं.
लिहायला दोन वाक्यं लागली,
प्रत्यक्षात भाजीला फोडणी द्यायची राहून गेली.

अकरा दिवस टेंपोने फिरले.
फूलबाग, हजीरा, पडाव,
मांडीवर कुणाची तरी कोथिंबिरीची जुडी,
पिशवीत अल्ट्रासाऊंडचं मशीन तान्ह्या मुलासारखं.
पेशंटच्या घराआधी एक गल्ली उतरायचे,
तोंड पुसायचे, ओढणी नीट करायचे.
गाडीतून येणारीला साडेतीनशे देतात लोक.
टेंपोतून येणारीला म्हणतात, तीनशेत होईल ना?
"आज उशीर?" — "ट्रॅफिक हो, काकू."
मुरारची दोन घरं तरीही गेली. तिथे टेंपो आत जात नाही,
आणि जूनमधलं ऊन जातं.

एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी पाहिली होती:
उस्ताद बॉनेट डाव्या हाताने उचलतात.
उजवा हात खांद्यापाशी येऊन अडतो,
मग ते कूस वळवतात, ओठ मिटतात,
आणि पाना पोराकडून मागतात.
बोलले नाही.
बिलाआधी बोलणं म्हणजे भाव पाडणं.

बाराव्या दिवशी सात हजार मोजून दिले.
उरलेले पहिल्या तारखेला, म्हटलं.
"कोई बात नहीं," म्हणत त्यांनी वही उघडली
आणि डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं:
फिजियो वाली मॅडम, ४९००.

म्हणजे ठाऊक होतं.
अकरा दिवस त्यांनाही ठाऊक होतं,
आणि तेही बोलले नव्हते.

किल्ली हातात घेऊन मी परत वळले.
म्हटलं, भिंतीकडे तोंड करा, उस्ताद.
बोटांनी वर चढा, मुंगी चढते तसं.
दुखलं की थांबा.
पोरं पाने टाकून बघत राहिली.
चुन्याच्या भिंतीवर काळ्या तेलाची बोटं
एकेक पायरी चढत
छातीच्या जरा वर थांबली.
"रोज, दोन वेळा," मी म्हटलं.

चार हजार नऊशेतला एक रुपया त्यांनी कमी केला नाही.
बरं वाटलं.

आता काटा मधोमध असतो.
तरी प्रत्येक सिग्नलला माझं लक्ष तिकडेच.
पहिली तारीख सोमवारी आहे.
पैसे पाकिटात घालून जाईन,
पण आधी भिंत बघेन.